एका घरातले दोन जून

जूनचा दुसरा आठवडा. जमिनीवर खाकी कागद पसरलेला, त्यावर कात्री, चिकटपट्टी आणि लेबलं. धाकटा यंदा पहिलीत जाणार. सकाळपासून त्यानं तिसऱ्यांदा दप्तर रिकामं करून पुन्हा भरलंय. मधेच एखादी कोरी वही उघडतो, पानांत नाक खुपसतो आणि डोळे मिटून बसतो.

सातवीतली ताई खिडकीत पाय वर घेऊन गोष्टीचं पुस्तक वाचतेय.

"ताई, तुझ्या पुस्तकांना कव्हर घालू?"

"घाल, नाहीतर राहू दे."

घरातली मोठी माणसं लगेच निवाडा देतात: हा हौशी, ती आळशी. पण धाकट्यानं शाळा आजवर बाहेरून पाहिलीय. ताईचा डबा, स्नेहसंमेलनात रंगवलेले तिचे गाल, सहलीच्या आदल्या रात्री भरलेली तिची पिशवी, एवढीच त्याची शाळा. ताईनं ती आतून पाहिलीय. जेवणानंतरच्या तासाला येणारी पेंग तिला ठाऊक आहे. शिवाय यंदा तुकड्या बदलल्यात. पहिलीपासून शेजारी बसणारी मैत्रीण 'अ'मध्ये गेली, ही 'क'मध्ये. हे दुःख तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मोठं भावंड निघालं की धाकट्याचा जीव घरात राहत नाही. कोलकात्यात जोडासाँकोच्या वाड्यात छोट्या रवींद्रनाथांचं हेच झालं. थोरला भाऊ सोमेंद्रनाथ आणि वयानं थोडा मोठा असलेला भाचा सत्यप्रसाद शाळेत जाऊ लागले. रवी लहान म्हणून मागे राहिला. सत्य परत आला तो वाटेतल्या गमतीजमतींची रसभरीत वर्णनं घेऊनच. रवीनं रडून आकांत मांडला. घरच्या मास्तरांनी एक चपराक दिली आणि बजावलं, की आज शाळेत जायला रडतोस, त्याहून जास्त पुढे शाळा सुटावी म्हणून रडशील. मास्तरांचं म्हणणं खरं ठरलं. एकामागून एक शाळा झाल्या, पण हा मुलगा कुठे रमला नाही. ही आठवण त्यांनी 'जीवनस्मृती'त सांगितली आहे. याच रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात झाडांखाली भरणारी शाळा काढली. तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्यांचा मुलगा रथींद्रनाथही होता.

कॅलेंडरही सगळ्या भावंडांना सारखं वागवत नाही. महाराष्ट्रात शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हाची काहिली ओसरायची असते, म्हणून तिथली घंटा उशिरा वाजते. पुण्याची आतेभावंडं मुकाट्यानं दप्तर भरत असताना नागपूरची मामेभावंडं अजून दुपारभर पत्ते कुटत असतात. त्या आठवड्यात फोनवर जो हेवा चालतो, तो दिवाळीच्या फटाक्यांवरूनही चालत नाही.

धाकटं उत्सुक आणि थोरलं नाराज, ही घरोघरची वाटणी कोरोनानं तर पार उलटवली. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. त्या जूनमध्ये पहिलीत गेलेल्या कितीतरी मुलांची शाळा म्हणजे आईचा मोबाइल होता. प्राथमिकचे वर्ग डिसेंबर २०२१मध्ये उघडू लागले तेव्हा ही मुलं दुसरीत होती आणि बाक पहिल्यांदा पाहत होती. फाटकापाशी आईचा पदर न सोडणारी ती हीच. त्यांच्या दादा-तायांना मात्र शाळा आठवत होती. मधली सुट्टी, मैदान, नळाभोवतीची ढकलाढकली, सगळं त्यांना परत हवं होतं. एरवी कुरकुरणारं थोरलं भावंड त्या सकाळी धाकट्याचा हात धरून पुढे ओढत होतं. शाळेची ओढ लागायला आधी शाळेत कुणीतरी आपलं असावं लागतं, हे त्या फाटकांवर उघड दिसलं.

इकडे कव्हरं घालून झाली. ताईचा जुना रेनकोट धाकट्याच्या घोट्यापर्यंत येतो. बाह्या दोनदा दुमडल्या तरी तो आरशासमोरून हलत नाही, कारण तो ताईचा आहे. लेबलावर नाव लिहायला मात्र त्याला ताईच लागते. ती खिडकीतून उतरते, पेन घेते, त्याचं नाव वळणदार अक्षरात लिहिते. मग तशीच बसून स्वतःच्याही वह्यांवर लिहिते. 'तुकडी'पुढे 'क' लिहिताना तिचा हात जरा थांबतो.

तीन आठवड्यांनी चित्र पालटलेलं असतं. पाऊस लागलेला, अंथरूण उबदार, आणि धाकट्याच्या पोटात दुखतंय. बाईंनी काल त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. ताई दोन वेण्या घालून दारात उभी आहे. 'क'मध्ये तिला कबड्डी खेळणारी एक नवी मैत्रीण मिळालीय. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतात. ताई आत येते, पलंगाखालून त्याचा एक बूट शोधून काढते आणि लेस सोडवत म्हणते, "चल रे, मधल्या सुट्टीत मी येते तुझ्या वर्गात."

तो पाय पुढे करतो.