रवाळ की बारीक?

"मिक्सरमध्ये काय घातलं होतंस? चटणीला कसला वास मारतोय!"

सकाळचे साडेनऊ. आई चटणीचं भांडं नाकाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी. तो वास कॉफीचा होता हे मी कबूल केलं. पण माझ्या कॉफीला लसूण-खोबऱ्याचा वास येत होता, त्याचं काय? त्यावर आईकडे उत्तर तयार होतं. "मग बाजारातली पावडर आण की. ती काय वाईट असते?"

तर मंडळी, आमच्याकडच्या ग्राइंडर प्रकरणाची सुरुवात ही अशी झाली.

दीड वर्षापूर्वी मी नोकरी सोडली आणि फ्रीलान्सिंग सुरू केलं. पहिले काही महिने कॅफेत लॅपटॉप उघडून बसायचा फंडा होता. एकदा महिन्याचा हिशेब मांडला आणि पोटात गोळा आला. एका लेखाचं अख्खं मानधन कॅपुचिनोत गेलं होतं! मग एक फ्रेंच प्रेस घेतला, चिकमगळूरचे भाजलेले दाणे मागवले आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरातच ऑफिस थाटलं. दाणे विकणारे लोक ते दळूनही देतात. पण गंमत अशी की दळल्यावर दाण्यातला वायू आणि सुगंध, दोन्ही भराभर उडून जातात. पाकीट फोडल्यावर पहिले दोन दिवस घरभर घमघमाट, आठवड्याने नुसतं कडवट पाणी. मुंबईत राहत असते तर दर शनिवारी माटुंग्याला जाऊन समोर दळून घेतली असती. पुण्यात बसून ते कसं जमणार?

म्हणजे ग्राइंडर हवा. इलेक्ट्रिकच हवा का, ते पुढे सांगते. आधी बजेट. तेव्हा माझं तीन लेखांचं मानधन चार महिने अडकलेलं होतं. (या साप्ताहिकाकडे नव्हे हं, हे वेळेवर देतात!) आईला हे माहीत होतं. ती बोलत काहीच नव्हती. पण 'नोकरी सोडलीस ती सोडलीस' हे वाक्य ती मनातल्या मनात दिवसातून चारदा म्हणते, असं मला उगाचच वाटायचं. अशात 'कॉफी दळायला वेगळं यंत्र' हा विषय काढायचा म्हणजे हिंमतच.

एका मैत्रिणीने तिचा वापरात नसलेला ग्राइंडर दिला. पातीवाला, छोटासा, दीड-दोन हजारांना मिळतो तो. झाकण दाबलं की घुर्रर्र करून वीस सेकंदांत काम तमाम. कॉफी केली. एकाच घोटात कडूही लागली आणि आंबटही. असं कसं?

उत्तर आईने दिलं, तेही कॉफीची चव न घेता. दिवाळीला आई चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी घेते आणि वर्षभर मेतकूट. दळणातलं तिला कोणी काही शिकवू नये. तिने ती कॉफी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पसरली, चिमूट घेऊन अंगठ्याने चोळली आणि म्हणाली, "हे दळलेलं नाही, फोडलेलं आहे. यात पीठ पण आहे आणि कण्या पण. अशी भाजणी दिली तर बायका परत माझ्या दारात येतील का?"

पीठ पण आणि कण्या पण. कॉफीवरचं ढीगभर वाचून मला जे कळलं नव्हतं, ते इतकं साधं होतं. पिठातून पाणी पटकन सगळं ओढून घेतं, नको तेसुद्धा, म्हणून कडूपणा. कण्यांच्या आतपर्यंत पाणी पोचतच नाही, म्हणून आंबटपणा. दोन्ही एका कपात आले की जी चव लागते, तिला महागडे दाणेसुद्धा वाचवू शकत नाहीत. पातीला 'किती बारीक' हे कळतच नाही. तिला फक्त 'किती वेळ' कळतं. आणि वेळ वाढवला की दळण एकसारखं होत नाही, नुसतं पीठ वाढतं. वर पाती सुसाट फिरते, कॉफी गरम होते, ते वेगळंच.

दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत 'बर ग्राइंडर' म्हणतात. मी त्याला सरळ जातं म्हणते. दोन दातेरी तोंडं, एक स्थिर, एक फिरणारं, आणि मधे ठरावीक फट. त्या फटीतून जाईल एवढा बारीक झाला की दाणा खाली पडणार, तोवर नाही. फट तुम्ही ठरवायची. घरगुती यंत्रांत बहुतेक वेळा शंकूसारखं जातं असतं. मिक्सर मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे मारतो, तर हे काही शे. सपाट चकत्यांचीही यंत्रं असतात, पण ती बहुधा महाग. स्टीलचं घ्यावं की सिरॅमिकचं, यावर लोक तावातावाने भांडतात. माझ्यापुरता निकाल असा : दाण्यांत चुकून खडा आला तर सिरॅमिकचा टवका उडू शकतो. आणि तांदूळ-डाळ निवडत मोठ्या झालेल्या बाईला खडा म्हणजे काय ते सांगायला नको. स्टील!

इथे एक खरं सांगायला हवं. तेवढ्याच पैशांत हाताने फिरवायचा ग्राइंडर घेतला तर दळण सहसा जास्त चांगलं मिळतं. कारण पैसा मोटारीवर न जाता जात्यावर जातो. मी तोच घेणार होते, जवळजवळ घेतलाच होता. दुकानात तो आईच्या हातात दिला. तिने चार फेरे मारले आणि न बोलता काउंटरवर ठेवला. तिच्या बोटांच्या पेरांना संधिवाताची सूज असते. डब्याची झाकणंसुद्धा हल्ली मीच उघडून देते. मला वाटत होतं, कॉफी माझी, ग्राइंडर माझा. पण गेले दोन महिने आई सकाळी माझ्याबरोबर कॉफी घेत होती. जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीवरून ती फिल्टर कॉफीवर कधी आली, ते आम्हा दोघींनाही नक्की सांगता येणार नाही. मी घरी नसले तर तिने काय करायचं? म्हणून इलेक्ट्रिक.

याच सुमारास न्यू जर्सीच्या मावसभावाने उत्साहाने फोन केला. तिथे चाळीस सेटिंगांचं एक छान मशीन मिळतं, येताना घेऊन येतो! मीही हुरळले. मग आठवलं, तिथली वीज 120 व्होल्टची आणि आपली 230. म्हणजे ग्राइंडरसोबत भलामोठा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर. शिवाय बिघडला तर सुटे भाग कोणाकडे मागायचे? त्याला म्हटलं, तू आपला चॉकलेटंच आण.

आमच्या घरची गरज मात्र विचित्र निघाली. मला फ्रेंच प्रेससाठी भरड लागते, लापशीच्या रव्यासारखी. आईच्या साउथ इंडियन फिल्टरला बारीक रव्याहूनही बारीक, पण पीठ नको. (एस्प्रेसोवाल्यांना त्याहून बारीक लागते आणि तिथे केसाएवढा फरकही चालत नाही. तो शौक असेल तर बजेट दुप्पट धरा.) म्हणजे रोज सकाळी एकाच यंत्रावर दोन दळणं. त्यामुळे अर्धा किलो दाणे मावणारी वरची टाकी आमच्या कामाची नव्हती. लागतील तेवढेच मोजून टाकायचे आणि तेवढेच बाहेर यायचे. आत कालचं दळण अडकून राहणारं मशीन म्हणजे शिळ्याचा पहिला घास. शिवाय वरचं जातं हाताने निघायला हवं, ब्रशने साफ करण्यासाठी. ते धुवायचं नाही. आणि मिक्सरच्या पात्यांना धार यावी म्हणून आई जाडं मीठ फिरवते, तेही इथे चालणार नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं. आणि आवाज! आमच्या बिल्डिंगमध्ये पहाटे चमचा पडला तरी खालच्या काकू दुपारी विचारतात. दुकानदाराला दाणे टाकून चालू करून दाखवायला लावलं. रिकामं मशीन सगळ्यांचंच गोड वाजतं.

शेवटी पसंत पडला तो साडेआठ हजारांचा. माझ्याकडे साडेचार होते. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणून आम्ही घरी आलो. रात्री आईने माझ्या कीबोर्डवर एक पाकीट ठेवलं. भिशीचे चार हजार. मी नको म्हटलं, जरा जोरातच म्हटलं. पैशाचा विषय निघाला की माझा आवाज चढतो हल्ली. आईने वाद घातला नाही. भाजणीच्या ऑर्डरींची वही काढली, माझं नाव लिहिलं आणि पुढे 'येणे : ४०००'. "दान नाही करत आहे. उधारी आहे. मानधन आलं की दे."

मानधन येईल, हे तिने त्या वहीत लिहून टाकलं होतं! मला तर त्याची तेवढी खात्री नव्हती.

ग्राइंडर आला. पहिल्या दिवशी पूड प्लॅस्टिकच्या डब्याला चिकटून सगळीकडे उडाली. दाण्यांना पाण्याचा एक थेंब लावून मग दळले, तर उडणं बरंच थांबलं. माझी भरड एका झटक्यात जमली. मग आईची पाळी. डायल बारीककडे फिरवताना मोटार चालू ठेवायची, नाहीतर फटीत अडकलेले दाणे जात्यालाच जाम करतात. ती डायल फिरवत होती आणि मी बटण धरून उभी. तिने डब्यातून चिमूट उचलली, चोळली. "अजून थोडी." परत फिरवली. "आता झाली. मेतकुटाच्या जरा अलीकडे."

तीन लेखांपैकी एकाचं मानधन मागच्या महिन्यात आलं. मी दोन हजार दिले. आईने वहीत खोडून नवा आकडा लिहिला. उरलेल्या दोन हजारांचं ती काही विचारत नाही. पण सकाळी उठल्याबरोबर ग्राइंडरजवळ जाऊन बघते, रात्री मी तिचा आकडा हलवलाय का ते.