वायरीची वाट

जुन्या मोटारसायकलच्या वायरी बदलणे हे काम गॅरेजमध्ये किरकोळ समजले जाते, आणि ते किरकोळ आहेही. तरीही एका क्लच वायरीने आमचे दोन रविवार घेतले आणि पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे जे सांगत आलो, त्याची उजळणी करायला लावली. साहित्याच्या अभ्यासकांपुढे ग्रीस आणि निपल यांची कथा मांडण्याचे धाडस करीत आहोत, ते एवढ्याचसाठी.

गाडी मामांची. १९८६ सालची, मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला तयार झालेली साडेतीनशे सीसीची बुलेट. गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असणाऱ्या पिढीतली. मामा मिरजेला शाळामास्तर होते. त्यांच्या पश्चात गाडी आमच्याकडे आली तेव्हा क्लच वायरीचे धागे लिव्हरच्या तोंडाशी एकेक करून तुटू लागले होते. वायर बहुधा तेथेच तुटते. तारेच्या टोकाचे निपल लिव्हरच्या खाचेत फिरायला हवे. तेथले ग्रीस वाळले की ते फिरत नाही, आणि मग प्रत्येक दाबणीला तारच एका जागी वाकत राहते.

ज्याला आपण नुसती वायर म्हणतो, त्या वस्तूत खरे तर दोन वस्तू असतात. आत पीळ दिलेली पोलादी तार आणि बाहेर पट्टीची घट्ट वेटोळी करून केलेले आवरण. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि सायकलींच्या ब्रेकपासून ती सर्वत्र पसरली. लिव्हर दाबली की तार ओढली जाते, एवढेच आपल्याला दिसते. प्रत्यक्षात तारेवर जेवढा ताण येतो, तेवढाच दाब त्या निमूट आवरणावर येतो. आवरण दबले किंवा त्याचे टोक बैठकीतून सुटले, तर आतली तार शाबूत असूनही निरोप पोचत नाही. बुलेटमध्ये हा निरोप तसाही द्राविडी प्राणायाम करतो: डाव्या हातातून निघून वायर उजवीकडच्या गिअरबॉक्सच्या झाकणात शिरते आणि तेथून पोकळ दांड्यातून गेलेली एक सळई पुन्हा डावीकडच्या क्लचला ढकलते.

आता वाटेचा प्रश्न. वायर कशी न्यावी, याचे गणित ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखले जाते. आवरणाच्या वळणावर तार आतून घासते आणि बळ खर्ची पडते. घर्षणाचा गुणांक ०.१ धरला, तर एकंदर १८० अंश वळलेल्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला हाताच्या बळापैकी सुमारे ७३ टक्के पोचते. ३६० अंश वळलेल्या वायरीत जेमतेम ५३. मौजेची गोष्ट अशी की डावे वळण आणि नंतरचे उजवे वळण परस्परांना छेद देत नाहीत. दोन्हींची बेरीजच होते.

जुनी वायर ओढून काढण्यापूर्वी तिच्या खालच्या टोकाला सुतळी बांधायची असते. वायर वरून निघते, तिच्या जागी सुतळी येते आणि नवी वायर त्याच वाटेने आत ओढता येते. मामांची गाडी ज्यांच्या हाताखालून गेली होती, ते मिस्त्री आता काम करीत नाहीत, पण फोनवर त्यांनी पहिले वाक्य हेच उच्चारले: “सर, आधी दोरी बांधा. न्हाईतर वाट हरवंल.”

सुतळी बांधली, वायर निघाली. आणि दुकानातून आणलेली नवी वायर आखूड पडली. चांगली वीतभर आखूड. त्याच सालची एका स्नेह्यांची बुलेट पाहिली, तेव्हा उलगडा झाला. त्यांची वायर हँडलवरून येऊन स्टिअरिंगच्या नळीला डावीकडून चिकटून मागे वळते आणि मग टाकीखालून तिरकी उजवीकडे जाते. म्हणजे दोन आखूड, उलटसुलट वळणे. मामांच्या गाडीत ती हेडलाइटच्या पुढून मोठा सैल वळसा घेऊन उजवीकडूनच मागे येत होती.

अशा ठिकाणी पाठचिकित्सेचा जुना पेच उभा राहतो. एकाच पोथीत वेगळा पाठ आढळला, तर तो लेखनिकाचा प्रमाद की कोणीतरी जाणूनबुजून केलेली दुरुस्ती? भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या पानोपानी तळटीपांत असे पाठभेद जपलेले आहेत; टाकून दिलेला पाठही तेथे पुसलेला नाही. आमच्यापुढे पुरावा एकच होता, पण बळकट होता. निष्काळजी माणूस वायर वाकडीतिकडी नेईल. वीतभर लांब वायर मुद्दाम बनवून घेणार नाही.

मिस्त्रींना पुन्हा फोन केला. क्षणभर थांबून ते म्हणाले, “मास्तरांचा डावा हात आखडायचा. क्लच दाबंना. गाडी विकतो म्हनले, तवा ही वायर करून दिली.”

मामांनी हाताच्या दुखण्याचा घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. शेवटच्या काही वर्षांत ते फळ्यावर लिहिण्याऐवजी तोंडी सांगतात, अशी मुले म्हणत. पण मामा उजव्या हाताने लिहीत, म्हणून आम्ही त्याचा संबंध कशाशीच लावला नव्हता. अजूनही तो लावावा की नाही, हे ठरत नाही.

आमचा हात धड आहे, तेव्हा दुकानातली वायर नेहमीच्या वाटेने टाकून काम संपवता आले असते. स्नेह्यांचा आग्रहही तोच होता: कंपनीने जे केले ते प्रमाण. आम्ही लांब वायर बनवून घेतली. तारेचे टोक निपलच्या तोंडात फुलवून मगच डाख द्यावा लागतो, कारण नुसत्या चिकटलेल्या डाखाचा भरवसा नाही. पुढच्या ब्रेकची वायर मात्र तयारच घेतली. क्लच तुटला तर माणूस रस्त्यात अडकतो, ब्रेक तुटला तर अडकायलाही उरत नाही. तेथे हौस नको.

सगळ्या वायरी टाकल्यावर इंजिन मंद चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. कोणत्याही वळणावर इंजिनाचा आवाज चढला, तर अॅक्सिलरेटरची वायर कोठेतरी ताणली जात आहे असे समजावे. अशी गाडी वळणावर आपणहून वेग घेते. आवाज चढला नाही. क्लच लिव्हरला बुडाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली आहे. शे-दोनशे किलोमीटरांत आवरण बसेल, ती वाढेल आणि पुन्हा कमी करावी लागेल.

जुन्या वायरीची लांबी मोजून गाडीच्या पुस्तिकेत, क्लचच्या पानाच्या समासात, पेन्सिलीने नोंदवली आहे. शेजारी मामांचे नाव घातले आहे.