आम्ही नाव ठेवतो

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत फरक फक्त एका टिंबाचा. पण त्या टिंबापायी घरंच्या घरं फुटलेली आहेत. आमच्या आईला दुसऱ्या प्रकारात चांगली गती आहे. सुनेचं वरण, नातवाचे केस, माझी न झालेली बढती, कशालाही नावं ठेवायचं तिनं बाकी ठेवलेलं नाही. पहिल्या प्रकाराशी मात्र तिचा संबंध आला नाही. आम्हां भावंडांची नावं रीतीप्रमाणे आत्यांनी ठेवली.

श्रावणातल्या एका संध्याकाळी आमचे चिरंजीव एक भिजलेलं पिल्लू शर्टात घालून घरी आले. काळंभोर, पुढचा उजवा पाय तेवढा पांढरा. दूध पिऊन ते माझ्या चपलेवर निजलं, तेव्हाच ते आता जात नाही हे चपलेसकट सर्वांनी ओळखलं.

आई एवढंच म्हणाली, “ठेवायचं तर ठेवा. पण नाव ठेवू नका.”

“का गं आजी?”

“नाव ठेवलं की ते आपलं होतं.” आणि ती आत गेली.

आईच्या माहेरी, वाईला, एक मोत्या होता. तो गेला तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि दोन दिवस जेवली नव्हती, हे मला मामाकडून कळलेलं. तिनं स्वतः मोत्याचा विषय कधी काढला नाही.

पण मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. ज्या रकमेचा मालक लागत नाही ती उचंत खात्यात टाकायची, आणि उचंत खातं फार दिवस लोंबकळत ठेवायचं नाही, ही आमची शिकवण. तेव्हा आईच्या पाठीमागे समिती बसली.

सौ.नी ‘राजा’ सुचवलं आणि लगेच मागे घेतलं, कारण तिच्या थोरल्या भावाला घरात राजाच म्हणतात. माझा त्या नावाला पाठिंबा होता. चिरंजीवांना ‘ब्रूनो’ हवा होता. पण आमच्या गल्लीत आधीच तीन ब्रूनो आहेत. एकाला हाक मारली की तिघे येतात आणि मग भांडतात. कन्येनं ‘लायका’ काढलं. ही मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून अंतराळात गेली. नाव मोठं, पण ती परत आली नाही, हे आठवून कन्येलाच रडू आलं. शिवाय लायका मादी होती आणि आमचं प्रकरण नर, हा मुद्दा नंतर लक्षात आला.

मी इतिहासात शिरलो. ‘वाघ्या’ म्हणावं तर रायगडावरच्या वाघ्याचा वाद इतिहासकारांत अजून मिटलेला नाही, आणि आमच्या घरात वादांचा आधीच पुरेसा साठा आहे. मग ‘खंड्या’. छत्रपती शाहू महाराजांच्या या लाडक्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. आवाज भरदार, परंपरा अस्सल. कन्या म्हणाली, “बाबा, खंड्या पक्षी असतो. मासे खातो.” ठराव नामंजूर.

आणखी मागे गेलो. वैदिक वाङ्मयात यमाच्या दोन कुत्र्यांची नावं आहेत श्याम आणि शबल. म्हणजे आपल्या भाषेत काळ्या आणि ठिपक्या! प्रत्यक्ष यमधर्माला याहून बरं सुचलं नाही, तिथं माझ्यासारख्या कारकुनाची काय कथा! ग्रामोफोनच्या तबकडीवरचा प्रसिद्ध कुत्रा निपर. तो येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पोटऱ्यांना चावे घ्यायचा म्हणून त्याला ते नाव पडलं. आमच्या कॅशियरला विचारलं, तर तो नोटा मोजता मोजता म्हणाला, “एनपीए ठेवा. वसुली नाही आणि खर्च रोजचा.”

आईनं हे सगळं ऐकलं होतं. एका रात्री म्हणाली, “महाभारतात घोड्यांना नावं आहेत, शंखांना आहेत. धर्मराजाच्या पाठोपाठ शेवटपर्यंत चालत गेलेल्या कुत्र्याला नाव आहे का? अडलं का त्याचं काही?” समिती बरखास्त झाली.

त्या सुमारास घरात आणखी एक भानगड चालू होती. रात्रीच्या पोळ्यांतली एक पोळी रोज नाहीशी व्हायची. सौ.चा माझ्यावर संशय. माझ्या पोटाकडे पाहून न्यायाधीशानंही तोच निकाल दिला असता. आई तर पिल्लाला जवळसुद्धा येऊ देत नसे. स्वयंपाकघराकडून सारखं ऐकू यायचं, “हाड! हाड मेल्या!”

अशातच दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दाराशी कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. पिल्लू जे सुटलं ते दिसेना. आम्ही चौघे चार दिशांना धावलो, आणि धावता धावता कळलं की हाक काय मारायची ते ठरलेलंच नाही! चिरंजीव “ब्रूनो” ओरडत होते, कन्या “लायका”. सौ. “सोन्या, सोन्या” म्हणत होती, ते ऐकून दोन गृहस्थ वळले. मी नुसताच “अहो, अहो” करत होतो. सवय. गल्लीतले तिन्ही ब्रूनो हजर झाले; आमचं काही येईना.

साडेदहाला आम्ही खाली माना घालून परतलो. आई गॅलरीत आली. आमच्याकडे पाहिलं. मग कठडा धरून, मी लहानपणानंतर कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडली, “हाड! हाड मेल्या!”

समोरच्या मोटारीखालून काहीतरी काळं सरकलं. एक पांढरा पाय दिसला. आणि आमचं कुत्रं शेपटी हलवत, थेट जिना चढून आईच्या पायाशी येऊन पडलं.

पोळीचा हिशेब त्या क्षणी लागला. तीन महिने ती तोंडानं “हाड” म्हणत होती आणि हातानं पोळी पुढे करत होती. त्याला वाटलं, हेच आपलं नाव. त्याचं काय चुकलं? प्रेमानं घातलेली शिवी आणि पोळी एका हातानं आली, तर कुणीही तेच समजेल. मीही असाच वाढलो.

डॉक्टरांकडच्या लसीच्या कार्डावर नावाची जागा तोवर रिकामी होती. तिथं ‘हाड्या’ लिहिलं. उचंत खातं मिटलं. अडचण एकच. गल्लीत कुणी कुठल्याही कुत्र्याला “हाड” म्हटलं, की ते कुत्रं जातं आणि आमचं येतं.

आई अजून कबूल करत नाही. परवा रात्री पाणी प्यायला उठलो, तर ती अंधारात खुर्चीवर बसलेली, आणि तो तिच्या पायावर हनुवटी टेकून निजलेला.

“मी काही नाव ठेवलेलं नाही हं,” ती म्हणाली.

“नाही गं, आई.”

“किती वर्षं जगतात रे ही?”

“जगतात बारा-चौदा.”

तिनं मनात बेरीज केली असावी. त्याच्या वयाची नव्हे, स्वतःच्या. “मग बरं,” ती म्हणाली. “या वेळी पाठीमागे राहायची पाळी माझी नाही.”

यावर काय बोलायचं ते वाणिज्य शाखेत शिकवत नाहीत. मी पाणी न पिताच परत येऊन झोपलो. आतून हळूच आवाज आला, “हाड मेल्या, पाय अवघडला माझा.” पण खुर्ची हलल्याचा आवाज काही आला नाही.