दीड लाख ‘ऑन’!

अहो, मला कुणी हे आधी सांगितलंच नव्हतं! उभी नोकरी चिकलठाणा एमआयडीसीत मायक्रोमीटर हातात धरून गेली आणि जगात अशी एक वस्तू आहे, जी दुकानाची पायरी उतरताक्षणी महाग होते, हे मला आत्ता, केस पिकल्यावर कळतंय. मोटार शोरूमबाहेर आली की भाव पडतो. मोबाइलचं खोकं फोडलं की पडतो. सोफासेटचं तर बोलूच नका. आणि हे मनगटी घड्याळ, साधं स्टीलचं, सोनं नाही, हिरा नाही, नवंकोरं घेऊन माणूस घरी येतो तोवर त्यावर दीड लाख चढलेले! तेव्हापासून मी समोरच्याचा चेहरा नंतर बघतो, आधी मनगट बघतो. घरच्यांना माझी काळजी वाटू लागली आहे.

हे खूळ लावलं आमच्या शेजारच्या शेडमधल्या अण्णांनी. टर्निंगची जॉबवर्कं करतात, सीएनसी मशिनी आहेत, तीस वर्षांपूर्वी एका जुन्या लेथवर सुरुवात केलेली. त्यांनी पोराच्या लग्नात घालायचं म्हणून रोलेक्सचं सबमरिनर नोंदवलं होतं. दोन वर्षांहून जास्त वाट पाहिली आणि एके दिवशी फोन आला, या, घेऊन जा. किंमत किती ते मी विचारलं तर अण्णा लाजले. “राहू दे, तुला जेवण जाणार नाही,” म्हणाले.

आमच्या इन्स्पेक्शन रूममधल्या ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर स्वच्छ रुमाल अंथरून त्यांनी ते ठेवलं. मी आणि अण्णा, दोन म्हातारी पोरं, त्यावर वाकलो. त्याच्या तोंडाशी एक फिरणारी कडी असते, बेझल म्हणतात. ती एकाच दिशेने फिरते, उलटी फिरतच नाही, आणि एका फेऱ्यात 120 टिचक्या देते. एकाच दिशेने का? पाणबुड्या त्यावर पाण्याखालचा वेळ मोजतो. धक्का लागून कडी सरकलीच, तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी कधीच नाही. म्हणजे माणूस लवकर वर येईल, पण हवा संपून खाली अडकणार नाही. चूक झाली तरी जिवाच्या बाजूने व्हावी! अण्णांनी कडी हलवून पाहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “प्ले बघ. आहे का कुठं?” नव्हता, कडी कुठेच ढिली नव्हती. आणि स्टील कुठलं? 904 एल! आपल्याकडच्या औषध कंपन्यांच्या पाइपलाइनी 316 एलच्या असतात, तेच आपल्याला भारी वाटतं. 904 एल म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडच्या प्लँटमधला माल. कापताना टूल खातं म्हणून ज्याच्या नावाने आमचे टर्नर बोटं मोडतात, ते स्टील या लोकांनी आरशासारखं चकचकीत करून मनगटावर बांधलंय. दिवसाला दोन सेकंदांहून जास्त मागे-पुढे होणार नाही, अशी कंपनीची हमी. दिवसाचे सेकंद 86,400. एवढ्यात दोन! चाकं, स्प्रिंग आणि तेलाच्या थेंबावर! (हजार रुपयांचं बॅटरीचं घड्याळ याहून अचूक चालतं, हे मलाही ठाऊक आहे. कृपा करून सांगायला येऊ नका.)

एवढ्यात अण्णांचा फोन वाजला. मुंबईचा कुणी व्यापारी. बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. “बिल, बॉक्स, कार्ड, सगळं असेल तर दीड लाख ऑन देतो. आजच माणूस पाठवतो.”

ऑन! म्हणजे छापील किमतीच्या वरचे पैसे. हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. चहाच्या टपरीवर लगेच बैठक बसली. आमचा तरुण ऑपरेटर म्हणाला, “अण्णा, डोळे झाकून विका. माल तुमचा, पैसा तुमचा, कुणाच्या बापाचं काय गेलं?” अकाउंटचे कुलकर्णी म्हणाले, “हे शुद्ध ब्लॅक आहे. थिएटरबाहेर तिकिटं विकणाऱ्यात आणि तुमच्यात मग फरक काय राहिला?” अण्णा चहा फुंकत राहिले. आणि मला, खरं सांगतो, इतका आनंद झाला! घड्याळाचा नव्हे, प्रश्नाचा. इतका सुबक नैतिक पेच आपल्या जालना रोडवर, केंब्रिज चौकाच्या अलीकडे, कटिंग चहासोबत मिळेल असं कुणाला वाटलं होतं?

आपल्या गावात असली घड्याळं कोण घेतं, असं म्हणू नका. ऑक्टोबर 2010 मध्ये याच शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे 65 कोटींच्या, स्टेट बँकेच्या कर्जावर. साऱ्या देशाने तोंडात बोट घातलं होतं. पण त्या सौद्यात नैतिक पेच नव्हता. गठ्ठ्याने घेतल्या, सवलत पदरात पाडली, संपलं. घड्याळाची गंमत उलटी आहे. इथे दुकानदार सवलत देत नाही, उलट गिऱ्हाइकालाच पारखून घेतो.

अण्णांनी हळूहळू सगळी कथा सांगितली. यादीत नाव घालताना दुकानातल्या माणसाने विचारलं होतं, “साहेब, स्वतःला वापरायला ना? विकणार तर नाही?” अण्णा म्हणाले होते, “पोराच्या लग्नात घालायचंय हो.” मग आडून आडून सुचवण्यात आलं की वहिनींसाठी आधी एखादं दुसरं घड्याळ घेतलंत तर नाव वर सरकेल. अण्णांनी तेही घेतलं. वहिनी ते घालत नाहीत. घेतेवेळी डब्यावरचे आणि घड्याळावरचे संरक्षक स्टिकर दुकानातच काढले, म्हणजे ‘कोरं’ म्हणून विकता येऊ नये. काही दुकानं तर वॉरंटी कार्ड वर्षभर स्वतःकडेच ठेवतात, आणि गिऱ्हाईक विकताना सापडलं की त्याला पुन्हा दारात उभं करत नाहीत, असंही कळलं. मी तर थक्क! गिऱ्हाइकावर पाळत?

घरी आलो आणि वडिलांना सांगितलं. त्यांना कसलंच नवल वाटलं नाही. “आमच्या चेतकचं असंच होतं की,” म्हणाले.

बरोबर! आपण हे सगळं भोगून बसलोय आणि विसरलोय. बजाजची चेतक 1972 साली आली. परवाना राजमध्ये ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा जास्त गाड्या बनवायची मुभा कारखान्याला नव्हती आणि मागणी तर अफाट. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लोकांनी दहा-दहा वर्षं वाट पाहिलेली आहे. परकीय चलन मोजणाऱ्याला मात्र रांग नव्हती. मग ज्याचा नंबर लागला तो गाडी घ्यायचा आणि ‘ऑन’ घेऊन दुसऱ्याला द्यायचा. लोक भावाच्या, मेहुणीच्या नावाने नंबर लावून ठेवायचे, गाडी चालवायला कुणालाच नको असायची. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 साली सुरू झाला, पुढे परवान्याची पकड सैल झाली, गाड्या मुबलक झाल्या आणि चेतकवरचा ऑन आपोआप मेला. कुणी उपदेश केला म्हणून नव्हे. माल आला म्हणून.

आता बघा, माझं डोकं इथे कसं पळायला लागलं! चेतकचा तुटवडा सरकारने घातलेला. रोलेक्सवर परवान्याचं कसलं बंधन? वर्षाला दहा लाखांच्या वर घड्याळं बनवत असावेत असा अंदाज सांगतात, तरी ठराविक मॉडेलं कमीच येतात आणि किंमतही बाजार देईल त्याच्या खाली ठेवलेली. त्या दोन किमतींमध्ये जी फट राहते, तिच्यात दीड लाख पडलेले आहेत. ते कुणीतरी उचलणारच! अण्णांनी नाही उचलले तर मुंबईचा व्यापारी उचलेल. दुकानाने तर ते वहिनींच्या घड्याळाच्या रूपाने आधीच थोडे उचलले आहेत. मग नीतीचं पुस्तक एकट्या अण्णांसमोरच का उघडायचं?

दुसरा फरक तर याहून मोठा. चेतक ही गरज होती. शिक्षकाला शाळेत जायला, नर्सला रात्रपाळीला. गरजवंताच्या अडचणीवर ऑन खाणं मला आजही ओंगळ वाटतं. सबमरिनर न मिळाल्याने कुणाची रात्रपाळी बुडत नाही. हौसेच्या वस्तूला हौशी माणूस राजीखुशीने जास्त पैसे मोजत असेल तर विकणाऱ्याला चोर म्हणवत नाही. कुलकर्णींना मी हे ठणकावून सांगितलं. ते म्हणाले, “आणि यादीत अण्णांच्या खाली जो होता त्याचं काय? पहिल्या पगारापासून पैसे साठवणारा एखादा पोरगा?” गप्प बसलो. त्या पोराचं उत्तर मला देता आलं नाही.

मग मी रात्र रात्र वाचत सुटलो. पाटेक फिलिपचं नॉटिलस 5711 नावाचं स्टीलचं घड्याळ. कंपनीने 2021 मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि भाव छापील किमतीच्या कित्येक पट चढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टिफनीच्या निळ्या तबकडीचं नॉटिलस आलं, फक्त 170 नग, छापील किंमत साधारण 52 हजार डॉलर. त्यातलं एक न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात उभं राहिलं आणि गेलं कितीला? 65 लाख डॉलरला! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आणि खरी मेख पुढे आहे: तो पैसा निसर्गरक्षण करणाऱ्या एका संस्थेला दान गेला. म्हणजे नवंकोरं घड्याळ शंभराहून जास्त पटीने विकलं गेलं आणि ते पुण्यकर्म ठरलं! नफ्याचा आकडाच पाप असता तर हे महापाप व्हायला हवं होतं.

आणि मूनस्वॉच! मार्च 2022 मध्ये ओमेगा आणि स्वॉचने मिळून काढलेलं, 260 डॉलरचं, बॅटरीवर चालणारं. जगभर दुकानांसमोर झुंबड, आणि लगेच दुप्पट-चौपट भावाने विक्री. गंमत म्हणजे कंपनी पहिल्या दिवसापासून सांगत होती की हे मर्यादित नाही, आणखी बनवणार आहोत. तरी विकणारे ‘पुन्हा मिळणार नाही’ म्हणून गळ्यात मारत होते. नंतर ते दुकानात सरळ मिळू लागलं. त्या 2022 सालीच मोठ्या घड्याळांचेही चढलेले भाव घसरले, आणि ‘गुंतवणूक आहे, डोळे मिटून घ्या’ ऐकून शिखरावर घेणारे हात चोळत बसले.

इथे मला माझं उत्तर सापडलं. कारखान्यात आम्ही जॉब नापास करतो तो महाग आहे म्हणून नाही. ड्रॉइंगवर लिहिलंय एक आणि हातात आलंय दुसरं, म्हणून. घड्याळाच्या सौद्यात खोट किमतीत नसते, बोलण्यात असते. ती दोनच ठिकाणी शिरते: घेताना दुकानदाराशी, किंवा विकताना गिऱ्हाइकाशी. ‘वापरायला घेतोय’ म्हणून जागा मिळवली आणि मनात विक्री असली, तर तिथेच सौदा नासला, मग नफा दीड लाख होवो की दीडशे रुपये. काही न बोलता, कुणी न विचारता घेतलं आणि वर विकलं, तर मला त्यात वावगं दिसत नाही. आपल्या भागात इसारावर प्लॉट घ्यायचा आणि खरेदीखताआधीच तिसऱ्याला फिरवायचा, हे किती राजरोस चालतं! तिथे कुणी पाप-पुण्य काढत नाही. तिथेही पाप आहेच, पण ते ‘इथून रस्ता जाणार आहे’ असं खोटं सांगणाऱ्याचं. वरचेवर घेऊन विकत असाल तर मात्र तो धंदा झाला. त्यावर कर भरा आणि हौशी म्हणून मिरवू नका.

अण्णांचं प्रकरण अवघड अशासाठी की ते खोटं बोलले नव्हते. लग्नात घालायचंच होतं. दीड लाख नंतर आले. शब्द देताना खरा असलेला माणूस मोह आल्यावर मोकळा होतो का? माझ्या मते नाही, निदान न सांगता तरी नाही. विकायचंच असेल तर आधी दुकानाला फोन करून सांगावं, पुढच्या यादीतलं नाव आपल्या हाताने खोडावं, मग खुशाल विकावं. वहिनींच्या घड्याळाची भरपाई म्हणून तेवढा हक्क मी अण्णांना देतो.

या वेडात माझ्या हाती एक अस्सल चिकलठाणी गंमत लागली. एचएमटीचा कारखाना आमच्या एमआयडीसीत आहे, पण तो घड्याळांचा नाही, दुग्धप्रक्रियेच्या यंत्रांचा! घड्याळं बेंगळुरूला, 1961 पासून, जपानच्या सिटिझनच्या मदतीने. घड्याळांचा तो विभाग बंद करायचा निर्णय सरकारने जानेवारी 2016 मध्ये घेतला, आणि वडिलांच्या पिढीने पेटीत टाकून दिलेल्या ‘जनता’, ‘पायलट’वर आता शौकीन तुटून पडतात. मी वडिलांची जनता गुलमंडीतल्या घड्याळजीकडे नेली. त्याने डोळ्याला भिंग लावून पाठ उघडली: आत इवल्या लाल खड्यांमध्ये चाक धपापत होतं, तासाला 18 हजार ठोके, तबकडीवर ‘17 ज्वेल्स’ आणि ‘पॅराशॉक’ लिहिलेलं. तो म्हणाला, बाजारात हल्ली असली घड्याळं नवी तबकडी रंगवून, चार घड्याळांचे भाग एकात घालून ‘ओरिजिनल’ म्हणून जातात. तुमची खरी आहे, जपा.

तुमच्याही कपाटात एखादी असेल. काढा, चावी द्या, कानाला लावा. विकलीत तर चांगला भाव घ्या, लाजू नका. फक्त तबकडी रंगवलेली असेल तर घेणाऱ्याला पैसे मोजण्याआधी सांगा.