न्हाणीमागचं अळू

बेळगावच्या जुन्या कौलारू घरांत न्हाणीचं पाणी भिंतीतल्या भोकातून थेट परड्यात उतरे. बारीकसा पाट, त्याच्या तोंडाशी अळू, पुढं कर्दळ, टोकाला केळ. हा क्रम कुणी आखला नव्हता. ज्याला जेवढी ओल सोसली, ते तिथं टिकलं. त्यातलं अळू तर भलतंच लोचट. उपटून फेकलं तरी पुढच्या मृगाला हजर. श्रावणात त्याच्याच वड्या व्हायच्या आणि ते कुणाच्या अंघोळीवर वाढलंय, हा विचार जेवताना कुणाच्या मनाला शिवत नसे.

मग न्हाणीची बाथरूम झाली, परड्यावर फरशी आली, पाणी पाइपात शिरलं आणि दिसेनासं झालं.

पाणी कुठून येतं, याची आठवण मात्र या शहरानं जपली आहे. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यासाठी खोदलेली टिळकवाडीतली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाची पातळी किती उतरली, याची चर्चा चहाच्या गाड्यावर चालते. निपाणीत तीच चर्चा जवाहर तलावाची. पाणी जातं कुठं, यावर मात्र कुणी बोलत नाही. ते ठाऊक असतं शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना. बळ्ळारी नाला फुगला की शहराचं सांडपाणी त्यांच्या भातात घुसतं. आपल्या बादलीतला फेस दुसऱ्याच्या बांधावर जाऊन बसतो.

परड्यात पाणी सोडणाऱ्याला ही सोय नाही. काय वापरलं, ते त्याला त्याचं झाडच दाखवतं. कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. ते साचले की मातीचे कण सुटे होतात, बारीक छिद्रं बुजतात आणि पाणी वरच थबकतं. बेळगावची तांबडी माती निचऱ्याची, त्यामुळं ती बरंच खपवून घेते. निपाणीकडची काळी चिकण माती मात्र लवकर रुसते. पावडरीत बोरॉन असेल तर पानांच्या कडा करपतात. रिठा-शिकेकाईच्या काळात ही भानगड नव्हती, पण आता रोज रिठे कोण भिजवणार? तेव्हा पावडरीचं पहिलं पाणी झाडांना नको. शेवटी कपडे खळबळलेलं चालतं. अंघोळीचं तर बेलाशक. खरकट्याचं तेलकट पाणी टाळावं, तांदळाचं धुवण मोगऱ्याला घालावं. पाणी पिंपात भरून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी वास मारतो, म्हणून त्याच दिवशी, बुंध्याशी, मातीत. कोथिंबीर, मुळा असलं कच्चं खायचं वाफ्यात असेल तर तिकडं हे पाणी वळवूच नये.

हे सगळं नळाला पाणी येत नाही म्हणून करायचं, असं पुष्कळांना वाटतं. 2008 मध्ये बेळगावच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हा अशा घरांतली पिंपं अडगळीत गेली असतील. पण पाण्याची आवक वाढली म्हणून नाला काही रुंद होत नाही. उलट, घरात येईल तेवढं बहुतेक सगळं पुन्हा बाहेर पडतंच. आमच्याकडची एखादी म्हातारी अजून टोकते, ‘गटारात कशाला सोडतासा पाणी?’ तिच्या मनात नाला नसतो, केळ असते. तरी हिशेब तोच.

पावसाळ्यात मात्र पाट बंद करावा. जमीन आधीच तुडुंब असते; वर आणखी पाणी साचलं तर डासांचं फावतं. आणि त्या दिवसांत अळूला तसंही कुणाच्या न्हाणीची गरज नसते.