कूस बदलताना

नर्सिंग कॉलेजच्या डेमो रूममध्ये पलंगावर एक पुतळा झोपलेला असतो. मुली त्याला स्पंजिंग करतात, त्याच्या नाकातून नळी घालतात, त्याची कूस बदलतात. तो कधी कण्हत नाही. थंड हात लागला तर अंग चोरत नाही. कपडा सरकला तरी त्याला लाज वाटत नाही. डान्स मूव्हमेंट थेरपीचे तास घ्यायला मी अशा खोलीत पहिल्यांदा गेले, तेव्हा बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिले. त्याला जे शिकवता येत नाही, ते शिकवायला मला बोलावलं होतं.

पहिल्या तासाला मी चुकले. मुली लाजतील असं वाटून मोठ्या आवाजात गाणी लावली. त्या अजिबात लाजल्या नाहीत. गॅदरिंगला नाचतात तशा नाचल्या, घामाघूम होऊन खुशीत वसतिगृहावर गेल्या. पण त्या तासाभरात कुणी कुणाकडे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या तासाला गाणी बंद ठेवली आणि फुगडी घालायला सांगितली. बीड, नंदुरबार, यवतमाळकडच्या या मुली. फुगडी त्यांना शिकवावी लागली नाही. मागे भिंतीला टेकून उभे असलेले दोन मुलगेही हळूहळू फेरात आले. पाय जवळ, हात घट्ट आणि अंग मागे सोडलेलं. एक दणकट, दुसरी किरकोळ असली तरी फेर बसतो, कारण दणकट मुलगी न सांगता कमी झुकते आणि किरकोळ मुलगी जास्त. समोरचीचं वजन किती हे त्यांचे तळहात ओळखतात. मग मी म्हटलं, आता हीच फुगडी हळू घाला, अगदी हळू. तिथे सगळ्यांची गडबड झाली. वेग असला की तोल आपोआप सांभाळला जातो. हळू फिरताना समोरचीकडे सतत लक्ष द्यावं लागतं. त्या दिवशी पहिल्यांदा खोलीत शांतता झाली.

डान्स मूव्हमेंट थेरपी या उपचारपद्धतीच्या पायाशी मॅरियन चेस यांचं काम आहे. त्या मूळच्या नर्तिका. 1942 मध्ये त्या वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात काम करू लागल्या. त्यांच्या रुग्णांमध्ये युद्धातून परतलेले सैनिक होते, बोलणं सुटलेली माणसं होती. चेस त्यांना नाच शिकवत नसत. कुणाचा पाय हलला, कुणी खांदा आखडला, तर ती हालचाल त्या आपल्या अंगावर घेत आणि तिला अंगानेच उत्तर देत. याला आम्ही मिररिंग म्हणतो. शब्द आरशाचा असला तरी यात नक्कल नाही. नक्कल करणारा बाहेरचा आकार बघतो. मिररिंगमध्ये त्या हालचालीतला जोर, वेग, अडखळ, श्वास घ्यायचा असतो. जोडीचा हा सराव झाल्यावर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ही दमलीय हे मला तिच्या श्वासावरून कळलं. ती बोललीच नव्हती.” वॉर्डात नेमकं हेच लागतं. दुखतंय हे सांगण्याचं त्राण नसलेला पेशंट तिथे रोज असतो.

मग आम्ही पुतळा उचलून कोपऱ्यात ठेवला आणि त्याच्या जागी एक मुलगी झोपली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे पाठ असतं. झोपलेल्या मुलीच्या मैत्रिणीने एक हात खांद्यावर, एक कमरेवर ठेवून तिला वळवलं. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले असते. मी झोपलेल्या मुलीला एवढंच विचारलं, “कुठे भीती वाटली?”

ती म्हणाली, “हात लागेपर्यंत काही कळलंच नाही. आणि वळवल्यावर हिने हात पटकन काढला. तेव्हा पडतेय असं वाटलं.”

दुसऱ्यांदा मैत्रिणीने आधी सांगितलं. हात ठेवला आणि एक श्वास थांबली. समोरचीचं वजन हातात येऊ दिलं, तिच्या उच्छ्वासाबरोबर वळवलं, आणि वळवून झाल्यावर हात क्षणभर पाठीवर तसाच राहू दिला. फार तर दहा सेकंद जास्त लागले असतील. करुणा म्हणजे डोळ्यांत पाणी येणं असं मुलींना वाटत असतं. मला ती त्या दहा सेकंदांत दिसते.

“पण मॅडम, वॉर्डात चाळीस पेशंट असतात,” एक मुलगी म्हणाली. ती खरं बोलत होती, आणि त्यावर माझ्याकडे नाचाचं उत्तर नाही. एका रुग्णालयाने मला नर्सेस हसतमुख राहाव्यात म्हणून शिबिर घ्यायला सांगितलं होतं. तिथे रात्री एकेका मुलीवर दोन-दोन वॉर्ड होते. मी नकार दिला. माणसं कमी ठेवायची आणि उरलेल्यांच्या अंगातून आणखी माया पिळून काढायची, हे माझ्या कामात बसत नाही.

म्हणून मी मुलींना दुसरी बाजूही तितक्याच निकराने शिकवते. फुगडीत सगळंच अंग समोरचीवर टाकलं तर दोघी पडतात. जळालेल्या बाईच्या ड्रेसिंगनंतर एक मुलगी दोन दिवस जेवली नव्हती. तिच्याबरोबर आम्ही पाठीला पाठ लावून रेटण्याचा सराव केला: टाचा जमिनीत, गुडघे किंचित वाकलेले, समोरचीचा रेटा घ्यायचा पण आपली जागा सोडायची नाही. हे वर्ग म्हणजे उपचार नव्हेत. विचारल्याशिवाय कुणाला स्पर्श करायचा नाही, हा पहिला नियम आहे. कुणाची जुनी जखम उघडी पडतेय असं दिसलं की मी तिथेच थांबते आणि तिला समुपदेशकाकडे सोबत घेऊन जाते.

क्लिनिकल पोस्टिंगवरून परतलेल्या एका मुलीने मला सांगितलं, पॅरालिसिसच्या एका आजींना तिने असंच सांगून वळवलं. आजी म्हणाल्या, “पोरी, हात राहू दे जरा.”

नर्सिंगच्या शिक्षिकांना माझी विनंती आहे. आठवड्यातून एक तास तो पुतळा बाजूला ठेवा आणि त्या पलंगावर जिवंत माणसाला झोपू द्या. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः झोपा.