मूठमाती

नगर जिल्ह्यातल्या एका गावी दफनविधी आटोपून आम्ही कबरस्तानाच्या फाटकापाशी आलो होतो. पंचविशीतला मुलगा अपघातात गेला होता. त्याची आई पदर तोंडाशी धरून माझ्याजवळ आली. “पाळकसाहेब, सगळ्या म्हणतात, रडू नको, पोरगं प्रभूकडं गेलंय. मी रडले तर माझा विश्वास कमी पडला, असं होतंय का?”

गेली अठ्ठावीस वर्षं मी नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवतो आणि रविवारी मंडळीत उपदेश करतो. त्या माउलीला मी तेव्हा एवढंच म्हणालो, “रडा. येशूही रडला होता.” या उत्तरामागे काय आहे, ते इथे थोडं सविस्तर सांगतो.

वधस्तंभावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारेही एक दिवस उठतील, हा आमच्या विश्वासाचा कणा. याला आम्ही पुनरुत्थान म्हणतो. हा पुनर्जन्म नव्हे. आत्मा अमर आहे, एवढंच सांगून ही श्रद्धा थांबतही नाही. मूळ ग्रीक शब्द आहे ‘अनास्तासिस’, म्हणजे उठून उभं राहणं. आडवं झालेलं माणूस देहासकट उभं राहील, अशी ही आशा आहे. देहाला एवढी किंमत दिली, की मरणाला किरकोळ म्हणता येत नाही. ज्या हातांनी आईच्या गळ्यात मिठी मारली, ते हात आज नाहीत, हे दुःख खरंच असतं.

योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय मी दरवर्षी शिकवतो. बेथानीचा लाजर मरून चार दिवस झालेत. आपण त्याला उठवणार आहोत, हे येशूला ठाऊक आहे. तरी कबरेकडे जाताना त्याचे डोळे भरून येतात. लाजरची बहीण मरीया आणि तिच्याबरोबरचे लोक रडतात, तिथे योहान ‘क्लायो’ हे क्रियापद वापरतो. त्यात मोठ्याने रडणं, आक्रोश येतो. येशूसाठी मात्र तो ‘दाक्रुओ’ हा निराळा शब्द घेतो. म्हणजे आसवं गाळणं. अख्ख्या नव्या करारात हे क्रियापद या एकाच ठिकाणी आलं आहे.

त्याच प्रसंगात आणखी एक क्रियापद दोनदा येतं, ‘एम्ब्रिमाओमाय’. एस्किलसच्या नाटकात ते लगाम घातलेल्या घोड्यांच्या फुरफुरण्यासाठी आलं आहे. भाषांतरांत त्याचं बहुधा ‘व्याकूळ झाला’ असं काहीतरी होतं, पण मुळात त्या शब्दात संताप आहे. येशू मरणावर चिडला आहे, असं मला तिथे दिसतं. मरण त्याला शत्रू वाटतं. माझ्या वडिलांच्या शवपेटीशेजारी बसलो होतो त्या रात्री मला याच शब्दाने धीर दिला. माझ्या मनात उसळलेला राग देवाच्या विरोधात नव्हता. या बाबतीत देव माझ्याच बाजूला उभा होता.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. तरुणपणीच दुष्काळाच्या हालांत त्यांचे आई, वडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पुढे केडगावला मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम हाती घेतलं. खेड्यातल्या साध्या बाईला ते वाचता यावं, ही त्यांची तळमळ. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम सांभाळणारी, वारसा पुढे नेणारी ती लेक. रमाबाईंनी त्यानंतरही हे काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून आलं ते १९२४ मध्ये. तो ग्रंथ हातात घेतला, की लेकीमागे उरलेले ते आठ-नऊ महिने माझ्या डोळ्यांपुढे येतात. आशा म्हणजे दुःख नसणं नव्हे, हे मला तिथे कळतं. फळ आपल्या डोळ्यांनी दिसलं नाही, तरी काम करत राहण्याचं बळ ती देते.

हे बळ येतं कुठून? पौलाने करिंथच्या मंडळीला इसवी सन ५५ च्या सुमारास पहिलं पत्र लिहिलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात मेलेल्या देहाचं काय होतं, याबद्दल बोलताना तो ‘पुरणं’ हा शब्द घेत नाही. तो ‘स्पैरो’ म्हणतो, म्हणजे पेरणं. एकदा नव्हे, लागोपाठ चार वेळा.

काही दिवसांनी त्या आईच्या घरी प्रार्थनेला गेलो, तेव्हा मी तिला हे सांगितलं. दिवाळी तोंडावर आली होती, शिवारात रब्बीच्या ज्वारीची पेरणी चालू होती. तिने जन्मभर तिफणीमागे चालत चाड्यावर मूठ धरलेली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पेरल्यावर आठ दिवस रान नुसतं काळंच दिसतं, साहेब. पेरलंय का नाही, तेबी कळत नाही.”

शुक्रवारी येशू मेला, रविवारी उठला. मधल्या शनिवारबद्दल शुभवर्तमानं फारसं बोलत नाहीत. आम्ही सगळे त्या शनिवारीच राहतो. रान काळं आहे, पण पडीक नाही.

आता दफनविधीला गेलो, की तो पंधरावा अध्याय उघडण्याआधी मी थोडा थांबतो. रडणाऱ्यांना रडून घेऊ देतो. मग वाचन होतं, आणि एकेक जण पुढे येऊन मूठमाती देतो. त्या आईचं बोलणं ऐकल्यापासून मी त्या मुठींकडे बघत असतो.